वैयक्तिक सेवांसाठी टिप: कुणाला, केव्हा आणि कशी?

पायवाट:
रेस्टॉरंटमधल्या टिपेवर आधीच भरपूर चर्चा झाली आहे, ती इथे नको. मला विचारायचंय ते आपल्या अंगाशी आणि घराशी थेट संबंध येणाऱ्या सेवांबद्दल. केस कापणारे, केस धुऊन देणाऱ्या मदतनीस, मसाज करणारे, घरी येऊन पार्लरची कामं करणाऱ्या, सामान हलवणारे, आजारी माणसाजवळ रात्र काढणाऱ्या अटेंडंट, विमानतळावर व्हीलचेअर घेऊन येणारे, हॉटेलची खोली आवरणारे. यातल्या कुणाला टिप द्यायची, कुणाला देऊ नये, आणि द्यायची तर कधी?

विचारायला निमित्त असं की हल्ली पैसे भरताना मशीनचा पडदाच आपल्याकडे वळवतात. त्यावर तीन टक्केवाऱ्या ठळक आणि 'टिप नको' कोपऱ्यात बारीक अक्षरात. जिने तासभर केस रंगवले ती मुलगी खुर्चीखालचे केस झाडत तिथेच असते. अशा वेळी माणूस विचार करून देत नाही, सुटका करून घेतो. मला विचार करून द्यायचंय.

माझं मत आधीच सांगते. टिप द्यावी या बाजूची मी आहे, पण ती नेमकी कुणाच्या हातात पडते हे कळायला हवं. आणि दुकानाचा मालकच केस कापत असेल तर? त्यालाही द्यायची? नेहमीचा माणूस असेल तर दर वेळी, की वर्षातून एकदा? तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा.

हिशेबनीस:
मी एकच कसोटी लावतो. दर कुणी ठरवला? ज्याने स्वतः दर ठरवलाय त्याला ते पैसे पूर्ण आणि वेळेवर द्यावेत, घासाघीस करू नये, यातच त्याचा मान आहे. ज्याच्या कामाचा दर दुसऱ्याने ठरवलाय आणि त्यातला थोडाच भाग त्याच्या हाती पडतो, त्याला टिप. तुमचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात. मालक स्वतः केस कापत असेल तर टिप नाही, त्याच्याकडे कामाला असलेल्याला द्यावी.

जुनीछत्री:
+१. सोपं आहे आणि लक्षात राहील.

कातरवेळ:
हिशेबनीस, कसोटी चांगली आहे, पण आमच्या व्यवसायात ती अडते. मी बरीच वर्षं पार्लरमध्ये काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पार्लरमध्ये दिसणारी प्रत्येक जण पगारावर नसते. कुणी खुर्ची भाड्याने घेतलेली असते, कुणी कमिशनवर असते, कुणी शिकाऊ असते. दरपत्रक मात्र भिंतीवर एकच. ग्राहकाला बाहेरून काही कळत नाही. 'तुम्हाला पगार किती?' असं कुणी विचारू नये, पण 'मशीनवर टिप टाकली तर ती तुम्हाला मिळते का?' एवढं जरूर विचारा. याचा राग कुणालाच येत नाही. उत्तर देण्याआधी तिने मालकिणीकडे पाहिलं तर रोख द्या.

दुसरी गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. केस धुणाऱ्या मुलीचे हात कधी बघितलेत का? दिवसभर पाणी, शाम्पू, रंगाचं मिश्रण. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, मग कातडी कोरडी पडून भेगा जातात, मग कोमट पाण्यात हात घातला तरी आग होते. हातमोजे दिले तरी ते घालून टाळूला नीट चोळता येत नाही म्हणून मुली काढून ठेवतात. केसांच्या व्यवसायातला हा जगभर माहीत असलेला त्वचेचा विकार आहे, आणि तो शिकाऊ मुलींना सगळ्यात आधी गाठतो, कारण धुण्याचं काम त्यांच्याकडेच असतं. ग्राहक मात्र शेवटी ड्रायर फिरवणारीच्या हातात टिप ठेवून जातो.

दोघींना वेगवेगळी द्या. एकीकडे देऊन 'वाटून घ्या' म्हणू नका. अशी वाटणी ज्येष्ठता बघूनच होते.

पायवाट:
कातरवेळ, धन्यवाद. धागा काढला तो याच माहितीसाठी. तुम्ही स्वतः ग्राहक म्हणून जाता तेव्हा मदतनीस मुलीला किती देता?

कातरवेळ:
मुख्य टिपेच्या निम्मी. आणि धुऊन झाल्यावर लगेच, बेसिनजवळच. शेवटी शोधायला गेलं तर ती दुसऱ्या ग्राहकाच्या डोक्याशी असते.

तिरपी_रेघ:
माझा या प्रथेलाच विरोध आहे आणि तो कंजूषपणातून आलेला नाही, म्हणून कारण लिहितो.

अमेरिकेत पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या शयनडब्यांत पोर्टर असत. गुलामगिरी संपल्यावर कंपनीने मुद्दाम मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना या कामावर घेतलं. पगार इतका तोकडा ठेवला की टिपेवाचून घर चालू नये. महिन्याला सुमारे ४०० तास काम. प्रवाशांच्या बुटांना पॉलिश करायचं, अंथरूण घालायचं, रात्री घंटी वाजली की उठायचं. कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला सरसकट 'जॉर्ज' म्हणत. टिप हवी तर त्या हाकेलाही हसून ओ द्यायची. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांनी संघटना बांधली. कंपनीला करारावर सही करायला १९३७ साल उजाडलं. त्या करारात पगार वाढला आणि महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले.

त्या माणसांनी बारा वर्षं लढून काय मागितलं ते बघा. पगार आणि तास. जास्त टिप द्या असं त्यांनी म्हटलं नाही. टिपेमुळे पोट भरतं ते ग्राहकाच्या मर्जीवर, आणि मजुरी वाचते ती मालकाची. हे मला तेव्हाइतकंच आजही खरं वाटतं.

जुनीछत्री:
तिरपी_रेघ, इतिहास छान लिहिलात. पण आज माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचं काय? त्याचा पगार वाढेपर्यंत मी हात आखडता घ्यायचा?

तिरपी_रेघ:
आखडता घेऊ नका. पण देऊन झालं की विषय संपला असंही समजू नका. अमेरिकेतच टिप मिळणाऱ्या कामगारांचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, आणि ते १९९१ पासून तसूभरही हललेलं नाही. बाकी कामगारांचं ७.२५ आहे. टिप धरूनही एकूण ७.२५ भरत नसेल तर उरलेलं मालकाने भरायचं असा कायदा आहे, पण तसा हिशेब मागायला किती जण जातील? ग्राहक देतोय म्हटल्यावर मालकावर आणि सरकारवर दबाव राहत नाही, हे माझं म्हणणं.

खिडकीशेजारी:
दुरुस्ती नाही, भर घालतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन अशा काही राज्यांत मालकांना कमी वेतन द्यायची ही सवलत नाही. तिथे टिप मिळो न मिळो, राज्याचं पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. आणि लोक तिथेही टिप देतातच. म्हणजे पगार वाढला की टिप आपोआप बंद होते असं नाही.

हिशेबनीस:
बंदी घालूनही बघितली आहे. याच वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिप देण्याघेण्यावर कायद्याने बंदी आणली, पाठोपाठ आणखी काही राज्यांनीही. १९२६ पर्यंत असे सगळे कायदे गेले. मला वाटतं, बंदीपेक्षा पैसा कुणाकडे जातो यावर कायदा हवा. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू झालाय. ग्राहकाने दिलेली टिप मालकाने पूर्णच्या पूर्ण कामगारांना द्यायची, पुढच्या महिन्याच्या अखेरीच्या आत द्यायची, आणि तिची नोंद तीन वर्षं ठेवायची. कामगार ती नोंद मागू शकतो. केस कापणाऱ्यांपासून टॅक्सीपर्यंत, कुणाकडे कामाला असलेले सगळे यात येतात. पायवाट यांनी 'कुणाच्या हातात पडते' असं जे विचारलंय, त्याला हे सरळ उत्तर आहे.

तिरपी_रेघ:
हा कायदा मला मान्य आहे. निदान मालकाचा हात मधून निघाला.

रानवारा:
कामानिमित्त देश बदलत असतात, म्हणून थोडं. जपानमध्ये केस कापणाऱ्याला, टॅक्सीवाल्याला टिप देत नाहीत. पैसे ठेवून निघालात तर तुम्ही विसरलात असं समजून मागे धावत येतात. फक्त र्योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी निवासात, खोलीची देखभाल करणाऱ्या बाईंना काही जण देतात, तेही लिफाफ्यात घालून आणि बहुतेकदा आल्या आल्या. नोट उघडी हातात देणं तिथे बरं दिसत नाही. जर्मनीत पैसे भरतानाच 'एवढे घ्या' म्हणून वाढीव आकडा सांगतात, केस कापतानाही तसंच. अमेरिकेत केस कापणाऱ्याला १५ ते २० टक्के सर्रास देतात. त्यामुळे नव्या देशात गेलं की मी पहिल्याच दिवशी तिथल्या सहकाऱ्याला विचारून घेतो.

निळीशाई:
आमच्याकडे नवरोबांनी डोक्याला मालिश करून दिली तर काय करायचं? 😀

जुनीछत्री:
दर त्यांनीच ठरवला असेल तर हिशेबनीसांच्या कसोटीप्रमाणे टिप नाही. ठरलेलं पूर्ण आणि वेळेवर द्या.

निळीशाई:
ठरलेलं म्हणजे माझी मालिश. वेळेवर दिली जाईल. 😀

आजोबा७२:
हसून झालं असेल तर जरा गंभीर विषयाकडे वळतो. रुग्णालय.

पत्नीच्या मोठ्या आजारपणात मी बराच काळ वॉर्डात काढला. तिथे नातेवाईक टिप देतात ती आभार म्हणून देत नाहीत, भीतीपोटी देतात. आपल्या माणसाची कूस वेळेवर बदलली जावी, चादर ओली राहू नये, म्हणून आल्या दिवसापासून नोटा सरकवत राहतात. मग ज्याच्याकडे नोट नाही त्याच्या खाटेकडे कोण वळणार? म्हणून माझं ठाम मत आहे, आजारी माणूस ज्यांच्या हाती आहे त्यांना उपचार चालू असताना पैसे देऊ नयेत. घरी सोडताना द्यायचे असतील तर सफाई करणारे, स्ट्रेचर ढकलणारे, अंग पुसून देणारे यांना द्यावेत, तेही रुग्णालयाचा नियम विचारून. परिचारिका आणि डॉक्टर यांना पैसे अजिबात नाहीत. बहुतेक ठिकाणी त्याला मनाई असते आणि त्यांनाही ते अपमानाचं वाटतं. त्यांच्यासाठी मी त्यांच्या वरिष्ठांच्या नावाने पत्र लिहिलं. कुणी, कोणत्या रात्री, काय केलं, असं नावानिशी. असं पत्र त्यांच्या कामाच्या नोंदीत राहतं.

आणि सरकारी माणसाला टिप नसतेच. त्याचं काम झाल्यावर दिली तरी नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याचा नियम मला फार आवडतो. टपाल वाटणाऱ्याने रोख रक्कम घ्यायचीच नाही. भेटवस्तू चालते, ती एका वेळी २० डॉलरपर्यंतची, आणि एका ग्राहकाकडून वर्षभरात ५० डॉलरपर्यंत. रेषा कुठे आहे हे देणाऱ्याला कळतं आणि घेणाऱ्यालाही.

सांजवात:
आजोबा, नमस्कार. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एका मुद्द्यावर मात्र माझा अनुभव वेगळा आहे.

आमच्या सासूबाईंसाठी घरी एजन्सीच्या अटेंडंट येत. एजन्सी आमच्याकडून जे घ्यायची त्यातलं त्या बायकांना किती मिळतं हे कळल्यावर वाईट वाटलं. शेवटी एकदम द्यावं म्हटलं तर तोवर बाई बदललेली असते. सगळ्यात कठीण आठवडा जिने काढला तिला काहीच मिळत नाही, आणि नंतर आलेलीला सगळं मिळतं. म्हणून मी प्रत्येकीची पाळी संपताना, म्हणजे ती आमच्याकडून कायमची जाते त्या दिवशी, वेगळं पाकीट देत असे. एजन्सीला तसं आधी कळवून. लपूनछपून दिलेले पैसे कधी त्या बाईच्याच अंगाशी येतील सांगता येत नाही.

टिपेपेक्षाही त्यांना उपयोगी पडल्या त्या बारीक गोष्टी. रात्री पाठ टेकायला धड गादी. रात्रपाळीवाली उशिरा सुटली तर जायचा खर्च. त्यांना नावाने हाक मारणं, 'ए बाई' नाही. आणि ठरलेल्या कामाबाहेरचं काही सांगायचं असेल तर त्याचे पैसे आधी ठरवून. रोज घरातल्या सगळ्यांचे कपडे धुवायला लावायचे आणि महिन्याअखेरीस टिप द्यायची, ही टिप नाही, ती थकलेली मजुरी आहे.

आजोबा७२:
सांजवात, तुमचं म्हणणं पटलं. घरी एकच रुग्ण असतो, दुसऱ्या खाटेवर अन्याय होण्याचा प्रश्न येत नाही. वॉर्डात मी माझ्या मतावर कायम आहे.

पायवाट:
'थकलेली मजुरी' हे अगदी खरं. सामान हलवणाऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

जुनीछत्री:
मी लिहितो. आम्ही नुकतंच घर बदललं. लिफ्टमध्ये कपाट मावेना. चौघांनी ते जिन्याने उतरवलं. खालच्या माणसाने पट्टा कपाळावरून पाठीवर घेतला होता, वरचे दोघे उलटे उतरत होते, आणि चौथा फक्त प्रत्येक वळणावर भिंत आणि कपाट यांच्यामध्ये स्वतःचा पंजा धरत होता, रंग खरवडू नये म्हणून. बोटांची सालं निघाली त्याच्या. कंपनीला दिलेल्या पैशांत जिन्याचा वेगळा आकार होताच, पण तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही हे त्यांनीच सांगितलं.

यातून दोन गोष्टी सांगेन. सामान भरणारी टोळी आणि उतरवणारी टोळी पुष्कळदा वेगळी असते, म्हणून दोन्हीकडचे पैसे बाजूला काढून ठेवा. आणि मुकादमाकडे एकरकमी न देता प्रत्येकाच्या हातात द्या. कातरवेळ यांनी वाटणीबद्दल लिहिलंय ते इथेही तंतोतंत लागू आहे.

खिडकीशेजारी:
मशीनच्या पडद्याबद्दल. न्यूयॉर्कच्या टॅक्सींवर एक अभ्यास झाला होता. पडद्यावर सुचवलेल्या टक्केवाऱ्या चढ्या असतील तर सरासरी टिप वाढते, पण त्याचबरोबर काहीच न देणारेही वाढतात. म्हणजे रेटा जास्त झाला की माणूस बिथरतो.

याच्या उलट चित्र उबरचं. त्यांनी अमेरिकेत २०१७ मध्ये ॲपमधून टिपेची सोय दिली. तिथे गाडीतून उतरून गेल्यावरही देता येते, कुणी समोर नसतं. अर्थतज्ज्ञांनी चार कोटींहून जास्त फेऱ्या तपासल्या. टिप मिळाली फक्त १६ टक्के फेऱ्यांना. जवळपास ६० टक्के प्रवाशांनी एकदाही दिली नाही, आणि प्रत्येक वेळी देणारे १ टक्का. समोर माणूस उभा असला की देतो, नसला की विसरतो. मी तेव्हापासून टिपेचा निर्णय सेवा घ्यायच्या आधीच करतो. मग पडदा काय दाखवतो याने फरक पडत नाही.

पायवाट:
हे लगेच अमलात आणण्यासारखं आहे.

रानवारा:
काम वाईट झालं तर काय करता? टिप कापता?

हिशेबनीस:
नाही. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी टिपेवर अनेक वर्षं संशोधन केलंय. सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध फार क्षीण आहे असं त्यातून दिसतं. म्हणजे आपण कापली तरी समोरच्याला ती कशासाठी कापली हे कळत नाही. त्याला वाटतं हा माणूसच असा. केस वाकडे कापले असतील तर आरशासमोर असतानाच सांगावं, तो नीट करून देईल.

कातरवेळ:
शंभर टक्के सहमत. बोलायचं नाही, हसून निघून जायचं आणि घरी जाऊन वाईट अभिप्राय टाकायचा, हे ग्राहक आम्हाला सगळ्यात जड जातात.

पण वागणूक वाईट असेल, अंगचटीला येणारा स्पर्श असेल, तर टिपेचा विषयच नाही. तिथून उठायचं आणि तक्रार करायची. हे ग्राहकाकडूनही तितकंच होतं. टिप देतोय म्हणून हात धरून ठेवणारे, नंबर मागणारे मी पाहिलेत. मसाज करणाऱ्या मुलींना तर हे फारच सोसावं लागतं. टिप देताना पैसे टेबलावर किंवा पाकिटात ठेवा, दोन शब्द बोला आणि निघा. ती टिप घेऊन कसं हसते हे बघायला थांबू नका.

तिरपी_रेघ:
कातरवेळ, हा तुमचा सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद. पुलमन डब्यांतल्या त्या हसण्याबद्दलच मी बोलत होतो.

पेन्सिलटोक:
मी विद्यार्थी आहे. केस कापण्याचे पैसेच जेमतेम जमतात. धागा वाचून वाटायला लागलं की टिप देता येत नसेल तर जाऊच नये. असंच म्हणायचंय का सगळ्यांना?

सांजवात:
अजिबात नाही रे बाळा. ठरलेले पैसे दिलेस की तुझं देणं संपलं.

कातरवेळ:
पेन्सिलटोक, दिलेल्या वेळेवर ये. येणार नसशील तर आदल्या दिवशी कळव. रिकामी गेलेली तासाभराची वेळ म्हणजे कमिशनवर असलेल्या मुलीचं सरळ नुकसान. काम आवडलं तर मालकाला तिचं नाव घेऊन सांग आणि पुढच्या वेळी तिचंच नाव सांगून वेळ घे. जिचं नाव घेऊन ग्राहक येतात तिला पगारवाढ मागता येते. आम्हाला याची किंमत फार असते.

पेन्सिलटोक:
धन्यवाद. हे नक्की करेन.

रानवारा:
हॉटेलच्या खोलीचं राहिलं. तिथे शेवटच्या दिवशी एकदम ठेवू नये, रोज थोडी ठेवावी, कारण आवरणारी माणसं रोज तीच नसतात. आणि सोबत 'खोली आवरणाऱ्यांसाठी' असं लिहिलेली चिठ्ठी हवीच. नुसते टेबलावर पडलेले पैसे उचलले तर चोरीचा आळ येईल म्हणून पुष्कळ जण हात लावत नाहीत. व्हीलचेअरच्या मदतनीसांबद्दल आधी विचारावं, काही विमानतळांवर त्यांना घ्यायला मनाई असते.

नेहमीच्या माणसाला 'नको' म्हणण्याचा हक्क असतो हेही सांगतो. एकदा नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा आग्रह ठीक, तिसऱ्यांदा नको.

पायवाट:
सगळ्यांचे आभार. मी ठरवलंय ते लिहिते. केसांसाठी जाताना दोन वेगळ्या नोटा घरूनच नेणार, एक बेसिनजवळ द्यायला. मशीनवर टाकण्याआधी कातरवेळ यांचा प्रश्न विचारणार. घरी येणाऱ्या पार्लरवाल्या ताई स्वतःचा दर स्वतः ठरवतात, त्यांना दर वेळी टिप देण्यापेक्षा त्यांनी दर वाढवला तर कुरकुर न करता देणार. नेहमीच्या माणसांना वर्षातून एकदा जास्तीचं द्यायचं की नाही यावर मात्र इथे फारसं कुणी बोललं नाही.

सांजवात:
मी देते. महिन्याच्या टिपेऐवजी वर्षाकाठी एका महिन्याचा जादा पगार, आणि त्याची तारीख आधी सांगून ठेवते. त्यांना त्यावर काही बेत आखता येतो. अधूनमधून मिळणाऱ्या सुट्या पैशांवर तो आखता येत नाही.

तिरपी_रेघ:
याला मी टिप म्हणणार नाही, पगारच म्हणेन. आणि म्हणूनच माझा पूर्ण पाठिंबा.

निळीशाई:
एक शंका माझीही. या वेळी खरी आहे. आमच्या कुत्र्याला आंघोळ घालून नखं कापून देणाऱ्या बाईंना टिप द्यायची का? नखं कापताना तो चावायला जातो.

कातरवेळ:
चावतो हे त्यांना आधीच सांगितलंय ना? आणि त्याची सगळी इंजेक्शनं झालीत ना?

निळीशाई:
हो, दोन्ही. त्या मुसकं बांधतात, मध्ये थांबतात, त्याला शांत होऊ देतात, पुन्हा सुरू करतात. दुकान त्यांचंच आहे, दरही त्यांचाच. म्हणजे टिप नाही?

हिशेबनीस:
माझ्या कसोटीने नाही. पण ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ देऊन त्या काम पुरं करत असतील तर त्या वेळेचे पैसे काय होतात ते त्यांनाच विचारा, आणि मागतील तेवढे द्या.